डावीकडचं पान

बारिया सर म्हणाले होते,
उजव्या पानावर निबंधाचा सारांश,
डाव्या पानावर तुम्ही.
दीड-दोन पानांचेच निबंध आहेत,
दाल्काऊएच्या धक्क्यावर फेरी लागेपर्यंत वाचून होतात.

शिंपल्यांच्या कारखान्यातून सुटते
तेव्हा बोटांना मिठाचा आणि रबरी हातमोज्यांचा वास असतो.
धुतला तरी जात नाही.
तेच हात वहीवर.

पहिल्या निबंधात एका माणसाच्या कोटाचं बटण हरवतं.
मी डावीकडे लिहिलं: निबंध आवडला.
त्याखाली हिरव्या शाईत आलं: का?

का म्हणजे काय!
एकेचाळीस वर्षांत मला कुणी
काही आवडलं तर का आवडलं, असं विचारलेलं नाही.
एलादियोनंही नाही. त्याला वाढलं की तो जेवायचा.

मग लिहिलं: कारण तो माणूस शेवटपर्यंत तेच बटण शोधतो.
बाजारात पाचशे पेसोंना चार मिळतात,
हे त्याला कुणीतरी सांगायला हवं होतं,
पण बरं झालं नाही सांगितलं.

दुसरा निबंध शांततेवर.
वाचताना तीनदा डुलकी लागली. तसं लिहिलं.
तिसऱ्यातल्या आईचे हात खरखरीत होते.
लेखकांच्या आयांचे हात खरखरीतच असतात, असं दिसतं.
माझ्या आईचे मऊ होते.
ती टोप्या विणायची,
भांडी आम्ही पोरं घासायचो.
इथे हिरव्या शाईनं काही म्हटलं नाही,
फक्त एक रेघ ओढली, जरा वाकडी,
हसताना ओढल्यासारखी.

चौथ्याशी माझं भांडण झालं.
त्यात लिहिलं होतं:
घर जागच्या जागी राहतं, आपण त्याला सोडून जातो.

कोण आपण?
या आपणात मला कुणी धरलं, न विचारता?

मी सात वर्षांची होते, आमचं घर निघालं.
खांबांवरून सोडवलं, ओंडक्यांवर चढवलं,
दोरखंड बांधले, पुढे बैल,
मागे सगळी वाडी खांदे लावून.
आत निबाल्दो, आरसा पोटाशी धरून,
कारण आरसा सांभाळायचं काम त्याचं.
भरतीला घर पाण्यात उतरलं.
दोन होड्यांनी ओढत नेलं पलीकडच्या बेटावर,
खिडक्यांना पडदे तसेच,
धुराडं थोडं कललेलं.
मी आणि मांजर काठावर.
जिथे घर होतं तिथे पिवळ्या गवताचा चौकोन,
ओल्या मातीत एक चमचा,
आणि एवढीशी जागा,
एवढ्याशा जागेत आम्ही सातजण झोपत होतो?

घर गेलं.
आम्ही थोडा वेळ मागे राहिलो.

हे सगळं डाव्या पानात मावलं नाही.
उजव्या पानावर सरकले, सारांशावरच लिहीत गेले,
दोन ओळींच्या मधून, मग आडवं, समासात.
सारांश वाचता येईना.
वाटलं, आता गुण जाणार.

वही परत आली.
खाली एवढंच:
बैल किती होते?

रविवारी निबाल्दोला फोन केला, पुंता अरेनासला.
म्हणाला आठ.
ओतिलिया मावशी म्हणाली, छे, चौदा,
आणि त्यातला एक संध्याकाळी मेला, तुला सांगितलं नव्हतं.
मग मावशीनं निबाल्दोला फोन केला,
मग निबाल्दोनं मला,
कितीतरी वर्षांनी आम्ही तिघं
एका बैलावरून रात्रीपर्यंत भांडत होतो.

मला एकच आठवतो.
त्याच्या शिंगाला आईचा निळा रुमाल होता.
तो मेलेला नसावा.

पाचवा निबंध चाव्यांवर आहे म्हणे.
सोमवारपर्यंत वाचायचाय.
फेरी आली, गेली,
मी धक्क्यावर बसून
अजून बैल मोजतेय.